धुरीची पुरचुंडी

पलूस, जि. सांगली
१७ जानेवारी १९९५

राहीबाई विहीणबाईंना पलूसहून मनुबाईचा नमस्कार.

संक्रांतीचा डबा पोचला. तिळाचे लाडू जरा कडक झाले होते, पण आमच्या सुभेदारांचे दात अजून शाबूत आहेत. फौजेतून येऊन बारा वर्षं झाली तरी कडक ते चांगलं असंच त्यांचं मत आहे, त्यामुळे डबा दोन दिवसांत रिकामा झाला. तुमची शिवांजली खुशाल आहे. आमच्या जयराजचं जम्मूहून, पलटणीतून पत्र आलं, तोही मजेत आहे.

आता मुद्द्याचं लिहिते. घाबरू नका असं लिहिलं तर तुम्ही आधी घाबराल, म्हणून सरळच सांगते. आपल्या नातवाला, धैर्यशीलला, धाप लागते. डिसेंबरात तुमच्याकडून आणला तेव्हा तीन महिन्यांचं पोर कसं गुटगुटीत होतं. आता छातीत मांजर बसल्यासारखं घरघरतं, दूध ओढताना दमतो आणि मधेच सोडून रडतो. सांगलीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी औषध दिलं आणि म्हणाले, बाळाला धुरापासून लांब ठेवा. दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या आमच्या ह्यांनी हात वर करून सांगितलं, "म्या म्हनलो न्हवतो? ती चिमनीच हाय त्याच्या मुळावर."

साखर कारखाना आमच्यापासून दीड कोसावर आहे. हंगाम सुरू झाला की वारा इकडचा असला तर काजळी थेट अंगणात येते. वाळत घातलेली धोतरं पुन्हा धुवावी लागतात. बाळाची लंगोटी मी आता घरातच, चुलीच्या वर दोरी बांधून वाळवते.

माझ्याकडून काही कमी ठेवलेलं नाही. सकाळ-संध्याकाळ न्हाऊ घालते आणि लगेच धुरी देते. ओवा, वावडिंग, लसणाच्या साली, चिमूटभर गुगूळ, सगळं निखाऱ्यावर घालून पोराला चांगलं शेकवते. धाप लागायला लागल्यापासून दुपारीही एकदा देते. तुमच्याकडं आणखी काही उपाय असला तर कळवा.

तुमची
मनुबाई


पाटण, जि. सातारा
२५ जानेवारी १९९५

मनुबाई विहीणबाई,

नमस्कार. पत्र वाचलं आणि अंगणवाडीतल्या पोरांना तसंच सोडून घरी आले. शिवांजलीच्या बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पत्र हातात घेऊन उलटंपालटं केलं, जणू मागच्या बाजूला बाळ बरं झाल्याचं लिहिलेलं असेल.

रागावणार नसाल तर एक सुचवते. कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत शिवांजलीला आणि बाळाला इकडं पाठवा. इथं चिमणी नाही, मोटारींची वर्दळ नाही. कोयनेकडून वारा येतो तो गार आणि स्वच्छ. सुनेला माहेरी पाठवली असं कुणी म्हणेल, याची मला कल्पना आहे. पण लोकांच्या बोलण्यानं आपल्याला ताप येत नाही, बाळाला मात्र धाप लागते.

लाडवांचं म्हणाल तर तुमची थट्टा कळली. पुढच्या वर्षी पाक तुम्ही करा.

आणि स्वतःकडंही बघा. शिवांजलीनं लग्नानंतरच्या पहिल्याच पत्रात मला लिहिलं होतं, "आई, इथं गजराचं घड्याळ लागत नाही. पहाटे चुलीपाशी आत्यांचा खोकला सुरू झाला की सगळं घर उठतं." तेव्हा मी हसले होते. आता बाळाचं कळल्यापासून तेही आठवून काळजी वाटते.

धुरीचं तुम्ही करताच आहात, ते चालू राहू दे. माझ्या सासूबाईही तसंच करायच्या.

तुमची
राहीबाई


पलूस
९ फेब्रुवारी १९९५

विहीणबाई,

पाठवते. उद्या सकाळच्या एस.टी.नं सुभेदार स्वतः दोघांना घेऊन निघतील. कराडला गाडी बदलायची आहे, तिथं शिवांजलीच्या बाबांना, नाथाजीबापूंना, उभं राहायला सांगा.

खरं सांगू का, नातू आपल्या घरात आणि हवा मात्र विहिणीची चांगली, हे गिळायला जड गेलं. त्यात शेजारची बनुबाई दारात उभी राहून म्हणाली, "आजोळी धाडतायसा व्हय? आमची पाच पोरं हितंच वाडली की वो." मी म्हणाले, "मग तुझी ने की उचलून कारखान्यात." एवढं बोलले आणि मग घरात येऊन रडले. काल तो दूध पिताना निळसर पडला होता. त्याच्यापुढं माझा मान कसला?

माझ्या खोकल्याची काळजी करू नका. तो माझ्या सासूकडून आला आहे. त्यांनाही होता, त्यांच्या सासूलाही होता. घराण्याचा खोकला आहे, चुलीबरोबर सुनेकडं येतो.

बाळाच्या सामानात एक लाल फडक्याची पुरचुंडी आहे, ती जपून ठेवा. धुरीचं सगळं त्यात आहे, प्रमाणात कुटून दिलं आहे. निखारा गोवरीचा घ्या, लाकडाचा नको. दिवसातून तीन वेळा, आणि खिडकी-दार लावून, म्हणजे वारं लागणार नाही. इथल्या हवेनं जे झालं ते धुरीनं निघेल.

आज मागच्या रानातलं पाचट पेटवलं. ऊस तुटून गेला की वाळलेला पाला जाळल्याशिवाय खोडवा, म्हणजे जुन्या बुंध्यांचा दुसरा ऊस, फुटत नाही, हे तुम्हाला डोंगरातल्या लोकांना माहीत नसेल. दुपारपासून सगळ्या घरात धूर कोंदला आहे, समोरचं माणूस दिसत नाही. बरं झालं बाळ उद्या निघतंय. त्यात पुन्हा त्या कारखान्याचा धूर कुठं सोसायचा त्यानं?

मनुबाई


पाटण
५ मार्च १९९५

विहीणबाई,

नमस्कार. शिवांजली आणि बाळ सुखरूप आहेत. बाळ आता पालथा पडायला लागला. आजोबांच्या मिशा ओढतो. इकडं हवा छान आहे. करवंदीला फुलं आली आहेत. अंगणवाडीत नवीन वजनकाटा आला आहे, त्यात सगळ्या पोरांना झोके घ्यायचे असतात.

शिवांजली तुमची आठवण काढते. सुभेदारसाहेबांना नमस्कार.

पुरचुंडी जपून वापरते आहे.

राहीबाई


पलूस
१४ मार्च १९९५

विहीणबाई,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. करवंदीची फुलं आहेत, मिशा आहेत, वजनकाटा आहे. धाप कुठं आहे? बरी असती तर पहिल्याच ओळीत लिहिली असती. नसती बरी तर लिहिणार नाही, हे मला कळत नाही असं वाटलं का? मीही विहीण आहे. जानेवारीत पोराची धाप आठ दिवस दाबून मगच तुम्हाला लिहिलं होतं.

इकडची बातमी अशी की आमचे सुभेदार गावातली दहा-बारा माणसं घेऊन कारखान्यावर गेले होते. छातीवर पदकं लावून. साहेबानं चहा पाजला. ह्यांनी काळी पडलेली लंगोटी खिशातून काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "ह्यो माज्या नातवाचा युनिफारम. बगा रंग." साहेब वरमला. पुढच्या हंगामापर्यंत काजळी अडवायची जाळी का यंत्र काहीतरी बसवतो म्हणून लिहून दिलं. ह्यांना लढाई जिंकल्यासारखं झालं आहे. गावात छाती काढून हिंडतात.

तर आता मला खरं सांगा. आमच्या हवेत वाईट होता, तुमच्या हवेत बरा झाला का? झाला असला तर मी विहिणीची हवा डोक्यावर घेऊन नाचेन.

मनुबाई


पाटण
२२ मार्च १९९५

विहीणबाई,

तुम्ही पकडलंत. नाही झाला बरा. जास्त झालं आहे.

पहिले आठ दिवस सांगून टाकते. मी गावभर फुशारकी मारली की पलूसचा धूर छातीतून निघतोय म्हणून खोकतो. मग खोकला थांबेना. परवा भर दुपारी तर त्याला श्वासच घेता येईना, ओठ काळे पडले. शिवांजलीचे बाबा त्याला छातीशी धरून रस्त्यावर धावले. एका जीपवाल्यानं कराडला पोचवलं. तिथं त्याला वाफ दिली, सुई दिली, तेव्हा कुठं तो रडला. रडला म्हणून आम्ही तिघंही हसलो, असे वेडे झालो होतो. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि एवढ्या लहान बाळाचा भरवसा देता येत नाही.

हे मी तुम्हाला कळवलं नाही, कारण मी माझ्या हवेचा एवढा डौल मिरवला होता. आणखी एक लपवलं होतं. डिसेंबरात तुमच्याकडं पाठवतानाही त्याला थोडी घरघर होती. मी सर्दी म्हणाले आणि विसरले.

जयराजला काय कळवायचं ते तुम्ही ठरवा. मला काही सुचत नाही. इथं चिमणी नाही, कारखाना नाही, मग हे पोर कशानं गुदमरतंय? नाथाजी म्हणतात, आपल्याच नशिबात काहीतरी हाय. मी तसं मानत नाही, पण दुसरं काय मानू तेही कळत नाही.

मी आता धुरी दिवसातून पाच वेळा देते.

राहीबाई


पलूस
१ एप्रिल १९९५

विहीणबाई,

कार्डावर जास्त मावत नाही. तुम्ही एकट्या नाही. पाच वेळा देताय म्हणजे पुरचुंडी संपली असेल. सुभेदारांबरोबर नवी पाठवते, वावडिंग जास्त घातलं आहे. ते दोन दिवस राहतील, पोराला बघतील आणि मला खरं सांगतील. जयराजला अजून कळवत नाही.

मनुबाई


पाटण
१४ मे १९९५

मनुबाई विहीणबाई,

हे पत्र मी तीन वेळा फाडलं आहे. आता चौथ्यांदा लिहिते आहे ते जसं होईल तसं पाठवणार.

पाऊस यायच्या आत आम्ही दरवर्षी घर शाकारतो. सगळी कौलं उतरवायची, फुटकी काढायची, झाडून पुसून पुन्हा घालायची. यंदा वासेही बदलायचे होते, त्यामुळे घर आठवडाभर डोक्यावरून उघडं राहणार होतं. वारं, धूळ, वर जुन्या कौलांची माती. मी शिवांजलीला म्हणाले, तू बाळाला घेऊन शेजारी राहा. पण शेजाऱ्यांचंही घर उघडलेलं. मग तिनं माजघरातच पाळणा टांगला, वर नुसतं आभाळ. चूल मी अंगणात मांडली, कारण वर माणसं काम करत होती. आणि धुरी देता येईना. निखाऱ्यावर ओवा टाकला की वारा धूर उचलून वरच्या वर घेऊन जायचा. दोन दिवस प्रयत्न केला आणि वैतागून सोडून दिलं. मनात धाकधूक, की आता पोराचं काही खरं नाही.

विहीणबाई, तिसऱ्या दिवशी ते पोर सलग झोपलं. चौथ्या दिवशी घरघर ऐकायला मी पाळण्यावर कान लावला तर काही ऐकू येईना. मी घाबरून त्याला हलवला. तो डोळे उघडून हसला. पाचव्या, सहाव्या दिवशी पोटभर दूध प्यायला. पलीकडं पडवीवर गडी धबाधबा माती पाडतायत, धूळ उडतेय, आणि हे खाली हातपाय झाडत खिदळतंय. आम्हाला वाटलं, औषध लागू पडलं.

मग कौलं बसली. घर बंद झालं. चूल आत आली. मी दार-खिडकी लावून चांगली धुरी दिली, राहिलेली सगळी भरून काढावी म्हणून. दिवस मावळायच्या आत पोराची छाती पुन्हा बोलायला लागली.

मी तिथंच बसले. हातात तुमची पुरचुंडी होती. शिवांजली माझ्याकडं बघत होती. मग हळूच म्हणाली, "आई, डॉक्टर म्हणाले होते ना, धुरापासून लांब ठेवा." मी म्हणाले, मग हे आधी का नाही बोललीस? तर ती म्हणाली, "आत्यांनी एवढ्या मायेनं कुटून दिलेलं. मी कसं बोलू? आणि तूपण देत होतीस."

दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बाई, धूर चिमणीचा असो, चुलीचा असो की ओव्याचा, बाळाच्या छातीला सारखाच. आणि चिमणी दीड कोसावर, तुमची शेगडी नाकाखाली." धुरी म्हणजे औषध असंच आपण समजत आलो. तिची गणती धुरात करायची हे तुमच्या-माझ्या डोक्यात कुठून येणार? सांगलीच्या दवाखान्यातून बाहेर पडून आपण सगळ्यांनी वर बघितलं. घरातल्या शेगडीकडं कुणीच बघितलं नाही.

मी धुरी बंद केली आहे. दोष तुमचा म्हणून नाही. तुम्ही तीन वेळा सांगितली होतीत, मी पाच वेळा दिली. त्यात अंगणवाडीत पोरांचं आरोग्य शिकवते ती मी.

चुलीचंही केलं. सरकारी योजनेतून अंगणवाडीला निर्धूर चुलीचा सिमेंटचा पाइप आला होता, तो दोन वर्षं मागं पडून होता, त्यात कोंबडी अंडी घालायची. कोंबडीला उठवलं आणि पाइप घरी आणला. कौलं नवीन होतीच, त्यात भोक पाडून पाइप वर काढला. नाथाजी कुरकुरले, "आताच शाकारलेल्या घराला भोक पाडतीस व्हय गं?" पण पहिल्या भाकरीला डोळ्यांतून पाणी आलं नाही तेव्हा तेच चुलीपाशी बसून राहिले.

बाळ बरा आहे. खरंच बरा आहे. या वेळी करवंदं मधे आणत नाही.

पुरचुंडी मी टाकली नाही. तुमच्या हातची आहे. काय करू ते तुम्ही सांगा.

राहीबाई


पाटण
८ जून १९९५

विहीणबाई,

तीन आठवडे झाले, उत्तर नाही. रागावलात का? रागावला असाल तर तसं लिहा, पण लिहा. शिवांजली रोज पोस्टमनची वाट बघते. सासूच्या मनात काय आहे ते कळल्याशिवाय तिला परत यायचा धीर होत नाही. बाळ रांगायला लागला आहे.

राहीबाई


पलूस
२१ जून १९९५

विहीणबाई,

रागावले होते. कशाला खोटं सांगू? पहिले आठ दिवस तुमच्यावर, मग डॉक्टरीणबाईवर, मग बनुबाईवर, जिचा काही संबंधच नाही. माझ्या सासूनं जयराजला धुरी दिली, तिच्या सासूनं आमच्या सुभेदारांना दिली, ते दोघं फौजेत गेले, छाती फुगवून पास झाले. आणि माझ्याच नातवाला ती मारायला उठली? मला ते मानवेना.

सुभेदारांना पत्र दाखवलं नव्हतं. पदराखाली ठेवून हिंडत होते. एके दिवशी पावसाची झड आली, सरपण ओलं झालं. चूल फुंकून फुंकून मला अशी ढास लागली की भिंत धरून उभी राहिले. समोर चुलीवरची ती दोरी दिसली, बाळाची लंगोटी वाळवायची. दोरी काळी कुळकुळीत. लंगोटी मी काजळीपासून वाचवायला घरात आणली होती आणि चुलीच्या धुरावर टांगली होती. तीच ती लंगोटी ह्यांनी साहेबाच्या टेबलावर ठेवली होती! विहीणबाई, ढास लागली असताना मला हसू आलं. हसता हसता रडले. हे धावत आले, "काय झालं गं, काय झालं?" मी पदराखालचं पत्र काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी उभ्या उभ्या वाचलं. मग दोरीकडं बघितलं, मग चुलीकडं, मग वर आढ्याकडं. आढ्याला जळमटं अशी लोंबत होती. मग म्हणाले, "म्हंजी दुश्मन छावनीतच हुता. आनि आमी सरहद्दीवर गोळ्या झाडतोय." मी म्हणाले, कारखान्यात जाऊन त्या साहेबाची माफी मागा. तर म्हणतात, "अजिबात न्हाई. काजळी त्याचीबी हायच. त्याचं त्यानं करावं, आपलं आपन."

आता उत्तराला उशीर का झाला ते ऐका. आमचे सुभेदार एकदा मनावर घेतात तेव्हा घराची छावणी होते. पंचायत समितीत जाऊन गोबरगॅसचं ठरवून आले. पाऊस डोक्यावर आहे म्हणून चार गडी लावून गोठ्यामागं खड्डा खणला, गवंडी आणून टाकी बांधून घेतली. मी दोन आठवडे त्या माणसांना भाकरी घालत होते, जुन्याच चुलीवर, खोकत. पहिलं काम मात्र मी स्वतः सांगितलं. चुलीच्या वरच्या भिंतीत खिडकी पाडून घेतली. बनुबाई विचारायला आली, "चांगल्या घराला भगदाड कशापायी वो?" मी म्हणाले, "विहिणीनं सांगितलंय." आता गावात तुमचं नाव झालं आहे.

पुरचुंडीचं विचारलंत. ओवा आणि वावडिंग पाण्यात उकळून तुम्ही आणि नाथाजीबापू प्या, पोट साफ राहील. फडकं धुऊन परत पाठवा, माझ्या जुन्या लुगड्याचं आहे.

शिवांजलीला सांगा, सासू रागावली होती ती स्वतःवर. तेही आता उतरलं. पोरगी तोंड मिटून बसली याचा मात्र मला अजून राग आहे. यापुढं मी काही चुकीचं करत असले तर तिनं बोलायचं, मोठ्यानं बोलायचं. हा माझा हुकूम आहे असं सांगा.

बाळ रांगायला लागला आणि मी बघितला नाही. ते फार लागलं. गॅस पेटला की लगेच कळवते, मग एक दिवस थांबू नका.

मनुबाई


पाटण
२ जुलै १९९५

विहीणबाई,

पत्र शिवांजलीनं मोठ्यानं वाचलं. हुकमाच्या ठिकाणी आली आणि पुढं वाचवेना, मग मी वाचलं. लंगोटीच्या ठिकाणी मात्र आम्ही सगळे इतके हसलो की बाळ दचकून रडायला लागला आणि मग आमच्याकडं बघून तोही हसला.

माझ्या मनावरचा धोंडा उतरला. तुम्ही तोडून टाकाल अशी भीती होती.

फडकं धुऊन घडी करून ठेवलं आहे. त्यातच बाळाचं पहिलं झबलं बांधून पाठवीन. पाऊस ओसरला की दसऱ्याला सुभेदारसाहेबांना न्यायला पाठवा. डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, म्हणाल्या, आता घोड्यासारखा धावेल.

राहीबाई


पलूस
२६ नोव्हेंबर १९९५

राहीबाई विहीणबाईंना मनुबाईचा नमस्कार.

धैर्यशील भिंतीला धरून उभा राहतो, हात सोडतो, बसतो आणि आपल्याच पराक्रमावर टाळ्या वाजवतो. येऊन दोन महिने होत आले, एकदाही धाप नाही. मधे सर्दी झाली तेव्हा माझा हात सवयीनं ओव्याच्या डब्याकडं गेला होता. शिवांजली म्हणाली, "आत्या!" एवढंच, पण मोठ्यानं. मी डबा खाली ठेवला. पोरगी हुकूम पाळते.

सकाळी न्हाऊ घातलं की मी आता त्याला ओट्यावर कोवळ्या उन्हात घेऊन बसते. धुरीचा वेळ मोकळाच झाला होता, तो असा भरला.

कारखाना सुरू झाला. यंत्र बसवलं आहे असं साहेब सांगतात. काजळी कमी आहे, पण आहे. सुभेदार रोज अंगणात पांढरा रुमाल पसरतात आणि संध्याकाळी उचलून बघतात. काळा झाला की पत्र लिहितात. साहेबाला त्यांच्या अक्षराची धास्ती बसली आहे.

स्वतःच्या रानाचं मात्र त्यांना जड गेलं. गेल्या महिन्यात मागचा ऊस तुटला. पाचट पेटवायला गडी काडी घेऊन उभा, आणि शिवांजली बाळाला काखेत घेऊन बांधावर गेली. नुसती उभी राहिली. ह्यांनी तिच्याकडं बघितलं, गड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "काडी ठेव रं खिशात. सरीत दाबू पाचट." गावातली माणसं येता-जाता हसली, "सुभेदार, रान इस्कटल्यावानी दिसतंय. खोडवा फुटायचा न्हाई." परवा जाऊन बघितलं तर पाल्यातून कोंब वर आलेत, आणि खालची माती अजून ओली आहे. बनुबाईचा नवरा काल बांधावर बसून बघत होता. बराच वेळ बसला होता.

आता मुख्य गंमत सांगते, त्यासाठीच पत्र लिहायला घेतलं. काल आमच्या घरात सगळे उशिरा उठले. असं या घरात कधी झालेलं नाही. गोठ्यात म्हशी ओरडायला लागल्या, दूधवाला दारात हाका मारतो, उन्हं अंगणात आलेली, आणि सगळे गाढ झोपलेले. मी तेवढी नेहमीच्या वेळेला उठले होते. गॅसवर चहा ठेवला होता, खिडकीतून गार वारं येत होतं, आणि चहाचा कप घेऊन जरा बसले होते, एवढंच.

तेवढ्यात सुभेदार धावत स्वयंपाकघरात आले. पायांत चपला नाहीत, डोक्याला टोपी नाही, चेहरा पांढराफटक. माझ्याकडं बघून दाराला धरून उभे राहिले. मी म्हणाले, "अवं, काय झालं?" तर त्यांनी आधी मला नीट न्याहाळलं. मग म्हणाले, "आवाज आला न्हाई तुजा. मला वाटलं…" आणि तिथंच पाटावर बसले. मला वाटतं त्यांचे डोळे भरले होते, पण धूर नव्हता घरात, त्यामुळे कशानं भरले ते लपवताही येईना. मी त्यांना चहा दिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं, विहीणबाई. मी खोकले नव्हते. काल पहाटे एकदाही नाही. खोकला कधीपासून कमी होत आला तेही आठवेना. घराण्याचा खोकला माझ्या हातून सुटला, आता शिवांजलीला द्यायला माझ्याजवळ काही उरलं नाही.

संक्रांतीला तुम्ही आणि नाथाजीबापू इकडंच या. पाक मी करीन, लाडू मऊ होतील. आणि येताना कराडातून एक गजराचं घड्याळ तेवढं घेऊन या. आमच्या घरातलं बंद पडलं आहे.

तुमची
मनुबाई